सातारा-सांगलीचे कथालेखक आणि मराठी चित्रपटातील घर

मराठी चित्रपटाचा इतिहास कोल्हापूर, पुणे व मुंबई या तीन शहरांभोवती गुंफण्याची पद्धत रूढ आहे. चित्रपटगृहे, प्रयोगशाळा, भांडवल आणि नट यांचा वास तेथेच असल्यामुळे ती पद्धत चुकीची म्हणता येणार नाही. परंतु कॅमेऱ्यापुढे जे घर उभे राहिले ते घर कोठून आले, त्यातील बाप, आई, मूल, सून व म्हातारा ही माणसे कोणाच्या अनुभवातून घडली, असा प्रश्न केल्यास उत्तर या तीन शहरांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी कृष्णा, वारणा व माण या नद्यांच्या काठच्या समडोळी, कोरेगाव, माडगुळे, वाटेगाव अशा लहान गावांकडे वळावे लागते. ही गावे आज सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विभागलेली आहेत. इ. स. १९४९ पूर्वी त्यांतील काही सातारा जिल्ह्यात, काही सांगली, औंध इत्यादी संस्थानांत मोडत. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा विचार येथे एकत्रच करणे सोयीचे आहे.

या प्रदेशातील लेखकांनी मराठी चित्रपटास कथा पुरविल्या, एवढेच विधान करून थांबल्यास ते नोंदवहीतील विधान ठरेल. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. ज्या घराची कथा लेखकाने लिहिली त्या घराची बोली पडद्यापर्यंत पोहोचली काय? पोहोचली नसल्यास तिच्या जागी कोणती भाषा आली, आणि त्या अदलाबदलीत घराचे स्वरूप कितपत पालटले? कुटुंब आणि परंपरा या गोष्टी भाषेबाहेर नसतात. मुलाने बापाला कशी हाक मारावी, पत्नीने पतीचा निर्देश कसा करावा, परक्या माणसास कोणत्या संबोधनाने घरात घ्यावे, यांतच परंपरेचा मोठा भाग साठविलेला असतो. तेव्हा चित्रपटाची भाषा बदलली की नात्यांची रचनाही थोडीफार हलते.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. तुलनेसाठी कझाकस्तानचे उदाहरण उपयुक्त आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, मॉस्को व लेनिनग्राड येथील स्टुडिओ अल्माअताला हलविण्यात आले, आणि आयझेन्स्टाइन यांच्या ‘इव्हान द टेरिबल’चे चित्रीकरणही तेथेच झाले. साधने व तंत्र असे बाहेरून आले, पण कथा मात्र गवताळ मैदानातील लेखकांनी दिल्या. १९४५ सालच्या ‘अबायची गीते’ या चित्रपटाच्या लेखनात मुख्तार औएझोव्ह यांचा वाटा होता. १९६३ सालचा ‘माझे नाव कोझा’ हा चित्रपट बेर्दिबेक सोकपाकबायेव्ह यांच्या बालकथेवरून अब्दुल्ला कार्साकबायेव्ह यांनी केला. १९६६ सालच्या ‘पितृभूमी’ची पटकथा ओल्झास सुलेमेनोव्ह या कवीची होती. स्टुडिओ एकीकडे आणि घर दुसरीकडे, ही स्थिती तेथेही होती. त्या चित्रपटांचा निर्देश पुढे प्रसंगानुसार येईल.

आरंभ नारायण हरी आपटे यांच्यापासून करणे क्रमप्राप्त आहे. त्यांचा जन्म १८८९ साली सांगलीजवळील समडोळी येथे झाला, आणि आयुष्याचा मोठा काळ सातारा जिल्ह्यातील कोरेगाव येथे गेला. शहरात न राहताही त्यांच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. चित्रपटसृष्टीने त्यांच्याकडून ज्या कथा घेतल्या त्यांपैकी दोन मराठी चित्रपटाच्या इतिहासात टप्पा मानल्या जातात. पहिली ‘सावकारी पाश’. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात ती मूकपटाच्या रूपाने पडद्यावर आणली. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, अशी ती कथा आहे.

ही कथा साताऱ्याच्या मातीतील होती हे सांगण्यासाठी फारसा पुरावा द्यावा लागत नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कागदपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कायद्याने कर्जाचा व्यवहार न्यायालयात तपासण्याची सोय केली, पण कागद वाचता न येणाऱ्या माणसाची अडचण त्यामुळे संपली नाही. कोरेगावात राहणाऱ्या लेखकास हे रोज दिसत असले पाहिजे. ‘सावकारी पाश’मध्ये घर मोडते ते कलहाने किंवा व्यसनाने नव्हे, तर एका लिखित कागदाने, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अक्षर हे येथे घराबाहेरचे, घरावर चाल करून येणारे शस्त्र आहे. पुढे याच प्रदेशातून जी दुसरी प्रसिद्ध कथा चित्रपटात आली तिच्यात अक्षर शाळामास्तराच्या रूपाने येते.

मूकपट असल्यामुळे ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याच्या तोंडी कोणतीच बोली नव्हती. मधून मधून पडद्यावर येणाऱ्या मजकूरपाट्या तेवढ्या त्याच्या वतीने बोलत, आणि त्या तर लिखित भाषेतच असणार. ज्याचे घर कागदाने बुडविले त्याचे बोलणेही कागदावरच्या भाषेत व्हावे, यात एक विपरीतपणा आहे. परंतु त्या काळी दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. मूळ चित्रपट आता पाहावयास मिळत नाही. झोपडी, अंधार आणि भुंकणारे कुत्रे यांच्या एका दृश्याची आठवण जुन्या प्रेक्षकांनी सांगितली, तीच इतिहासकारांच्या हाती उरली आहे. १९३६ साली पेंटर यांनी ही कथा बोलपट म्हणून पुन्हा केली, परंतु पहिल्या कृतीची कीर्ती तिला लाभली नाही.

आपट्यांची दुसरी कथा ‘न पटणारी गोष्ट’. तिच्यावरून प्रभात कंपनीने १९३७ साली पुण्यात ‘कुंकू’ काढला. पटकथा आपट्यांचीच होती आणि दिग्दर्शन शांताराम यांचे. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावलेली नीरा या विवाहास पत्नीधर्म म्हणून मान्यता देण्याचे नाकारते, एवढ्या कथासूत्रावर हा चित्रपट उभा आहे. शांता आपटे यांची नीरा व केशवराव दाते यांचे काकासाहेब या भूमिका आजही अभ्यासिल्या जातात. पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ घरातील नैसर्गिक ध्वनी वापरण्याचा त्यात केलेला प्रयोग सर्वश्रुत आहे.

‘कुंकू’चा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले होते. परंतु वर आणि वधू यांच्या वयांत किती अंतर असावे याबद्दल तो कायदा मूक होता. नीरा बालवधू नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तिच्या विवाहात दोष नाही. दोष आहे तो पालकत्वाचा. ज्याने बापाच्या जागी उभे राहावयाचे तो मामा तिला विकतो आणि ज्याचे वय बापाचे तो पती होतो. नात्यांच्या संज्ञाच येथे जागा सोडतात. मराठी स्त्रीने पतीचे नाव न घेण्याची रूढी कथेस मोठे बळ देते, कारण संबोधनाचा अभाव हा सामान्यतः आदराचा भाग असतो आणि नीरेच्या बाबतीत तोच नकाराचा भाग होतो. अखेरीस काकासाहेब स्वतःचे आयुष्य संपवितात आणि तिने दुसरा विवाह करावा असे लिहून ठेवतात. आपल्या पश्चात पत्नीने कसे वागावे हे सांगण्याचा अधिकार पतीने येथेही सोडलेला नाही, अशी टीका करता येईल. ती रास्त आहे. तरीही मराठी कुटुंबातील वडीलधाऱ्या पुरुषाने आपली चूक लेखी मान्य केल्याचे असे उदाहरण त्या काळच्या चित्रपटात दुर्मिळच म्हणावे लागेल.

‘माझे नाव कोझा’ या कझाक चित्रपटात हाच प्रश्न मुलाच्या बाजूने येतो. कोझाचा बाप युद्धात पडला आहे. आई व आजी त्याला वाढवितात. आईचा हात मागणारा एक मनुष्य घरी येऊ लागतो आणि मुलाच्या खोड्यांना त्या रागाची धार येते. विधवेच्या पुनर्विवाहाकडे मूल कसे पाहते, याचा विचार ‘कुंकू’ने केला नाही, काकासाहेबांच्या घरी मुले आहेत, पण त्यांची नजर हा चित्रपटाचा केंद्रबिंदू नव्हे. मुलाच्या नजरेने घर पाहण्याची रीत मराठी चित्रपटात बळावली ती पुढे १९५३ साली, आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’पासून. ती कथा कोकणातील असल्यामुळे तिचा विचार येथे अप्रस्तुत होय.

‘कुंकू’ची भाषा शहरी, सुशिक्षित घराची आहे आणि कथा तशा घराचीच असल्यामुळे त्यात वावगे काही नाही. ग्रामीण बोली बोलपटात ठळकपणे आली ती १९४७ नंतर, ‘रामजोशी’ व ‘जय मल्हार’ या चित्रपटांच्या यशानंतर. तमाशाप्रधान चित्रपटांची जी लाट उसळली तिने घर जवळजवळ मागे सारले. तेथे फड, पाटील, सवाल-जबाब व सूड यांचे राज्य सुरू झाले. त्या लाटेतील सर्वांत गाजलेली कृती ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली अनंत माने यांनी काढली, आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात ती एकशे एकतीस आठवडे चालली. तीत आईवर झालेल्या अन्यायाची हकीकत मुलगी फडावरून गावास ऐकविते. म्हणजे तमाशातही शेवटी घराचीच फिर्याद आहे, हे विसरता कामा नये.

या लाटेने बोलीचे मात्र नुकसान केले, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. पडद्यावरील ‘ग्रामीण’ भाषा ही कोणत्याच गावाची नव्हती. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘आहे’च्या जागी ‘हाय’, ‘होय’च्या जागी ‘व्हय’, ‘फार’च्या जागी ‘लई’, अशी दहा-वीस रूपे घेऊन ती वाटेल त्या वाक्यात पेरली की ग्रामीण संवाद तयार होई. कोल्हापूरकडचा पैलवान, माणदेशचा धनगर आणि कऱ्हाडचा कुळवाडी हे सारे एकसारखे बोलू लागले. वाक्याची लय, आर्जवाचे व नकाराचे प्रकार, वयानुसार बदलणारी संबोधने, हे बोलीचे खरे अवयव वगळले गेले आणि उच्चारातील फरक तेवढे हशासाठी उरले. बोलीच्या अभ्यासकाने या काळातील चित्रपटांचा पुरावा म्हणून उपयोग करताना सावध असावे ते यासाठी. शिवाय शहरातील प्रेक्षकगृहात ज्या रूपांना हशा मिळत असे ती रूपे शाळेत मास्तर खोडून काढीत असत, आणि ज्या मुलाच्या घरी ती बोलली जात त्याच्या वाट्याला दोन्हीकडून एकच शिकवण येत असे.

याच काळात माणदेशातील दोन भाऊ चित्रपटसृष्टीत काम करीत होते. गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथे झाला. व्यंकटेश त्यांचे धाकटे बंधू, जन्म १९२७. हा मुलूख औंध संस्थानाच्या आटपाडी भागाचा. पाऊस थोडा, जमीन हलकी, आणि मेंढरे हेच पुष्कळांचे धन. थोरले बंधू औंधच्या शाळेत शिकले, १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटाद्वारे पडद्याकडे वळले आणि पुढे गीतकार व पटकथाकार म्हणून मान्यता पावले.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार व सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. १९३८-३९ मध्ये त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेस राज्यकारभार देणारी घटना जाहीर केली. या प्रयोगात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला अभियंता होता. तो भारतानंद या नावानेही ओळखला जाई. त्याच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. भिंत नाही, बेडी नाही. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी शेती करीत आणि आपल्या बायकामुलांसह राहत. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. पळून जाण्यास प्रतिबंध करणारी भिंत म्हणजे घरच, असा हा विचार होता. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र टिकले.

या प्रयोगावर आधारलेली पटकथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. सहा खुनी कैद्यांना घेऊन एक तुरुंगाधिकारी ओसाड माळावर जातो, त्यांच्याकडून जमीन पिकवितो, आणि बाजारातील स्वार्थी व्यापाऱ्याने सोडलेल्या बैलांशी झुंजताना प्राण सोडतो, ही कथा सर्वांस ठाऊक आहे.

मूळ प्रयोग आणि चित्रपट यांतील भेद मात्र क्वचितच सांगितला जातो. स्वतंत्रपुरात कैद्याला त्याचे स्वतःचे घर परत दिले गेले. चित्रपटात त्याला नवे घर मिळाले, आणि त्या घरात तुरुंगाधिकारी बाप झाला व सहा प्रौढ पुरुष त्याची मुले झाली. ते त्यास ‘बाबूजी’ म्हणतात. हिंदीत या शब्दाने सुशिक्षित साहेबाचाही निर्देश होतो आणि पित्याचाही. चित्रपटाची सारी भावना या द्व्यर्थावर तोललेली आहे. आटपाडीच्या बोलीत अशी सोय नाही. तेथे ‘बा’ हा बाप आणि ‘सायेब’ हा साहेब. एकाच शब्दात दोघांना बसविता येत नाही. कैद्याची वृद्ध आई व लहान मुले चित्रपटात येतात, अंगाई होते, क्षणभर मूळ स्वतंत्रपूर डोकावते. पण कथेचा भार पुन्हा त्या दोन डोळ्यांवर, म्हणजे पित्याच्या नजरेवर, जातो. भाषा हिंदी झाल्यामुळे चित्रपट जगभर गेला हे खरे. आटपाडीचे नाव त्यात कोठेच उरले नाही, हेही तितकेच खरे. शांताराम यांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांना दृष्टांत हवा होता, वृत्तान्त नव्हे.

वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण या सर्वांपेक्षा निराळे आहे आणि वरील विवेचनास ते काही अंशी छेदही देते. मातंग कुटुंबात १९२० साली जन्मलेल्या या लेखकाचे शालेय शिक्षण दीड दिवसात संपले, अशी प्रसिद्धी आहे. लहानपणीच ते कुटुंबासह पायी चालत मुंबईस गेले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली आली व १९६३ साली तिचा चित्रपट झाला; तत्पूर्वी १९६१ साली ‘वैजयंता’ पडद्यावर आली होती. ‘फकिरा’चा प्रारंभच परंपरेने होतो. शेजारगावची जोगणी आपल्या गावात आणण्याच्या मानासाठी फकिराचा बाप राणोजी प्राण देतो. गावाच्या देवतेसाठी मरणाऱ्याचे घर मात्र गावाबाहेरच राहते, आणि इंग्रजी कायदा त्याच्या जातीस गुन्हेगार ठरवून हजेरीस उभे करतो. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बाप गावासाठी मेला ही आठवण मुलास वारशाने मिळते. जमीन किंवा घर मिळत नाही.

अण्णा भाऊंनी ही कथा बोलीत लिहिली नाही. त्यांचे निवेदन प्रमाण मराठीत आहे, ओजस्वी व कित्येकदा संस्कृतप्रचुर आहे. संवादही बव्हंशी प्रमाण भाषेच्या जवळचे आहेत. यास कोणी कृत्रिमता म्हणेल. परंतु ज्याला शाळेतून दीड दिवसात बाहेर पडावे लागले त्याने प्रमाण भाषेवर असा पूर्ण हक्क सांगावा, यात एक निर्धार आहे. आपली माणसे पडद्यावर येतील ती हशाचा विषय होऊन येता कामा नयेत, आणि त्याचा उपाय म्हणून त्यांनी वीराची भाषा वीरालाच दिली. म्हणजे बोली राखणे हाच घराचा मान राखण्याचा एकमेव मार्ग आहे, असे समीकरण मांडता येत नाही. बोली कोणाच्या हाती आहे आणि ऐकणारा कोण आहे, यावर ते अवलंबून असते. अण्णा भाऊ १९६१ साली सोव्हिएत संघात जाऊन आले व ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. नेमक्या त्याच सुमारास कझाक लेखकही आपले गाव बाहेरच्या जगास कोणत्या भाषेत सांगावयाचे, याच प्रश्नाशी झगडत होते.

धाकटे माडगूळकर, व्यंकटेश, यांनी या प्रश्नाची मांडणी १९५५ साली ‘बनगरवाडी’त केली. आटपाडीजवळील लेंगरेवाडी ही धनगरांची वस्ती तिच्या मुळाशी आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक पहाटे चालत निघून वाडीत पोहोचतो. शाळा ओस पडली आहे, कारण मुले मेंढरांमागे आहेत. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो आणि हळूहळू मुले येऊ लागतात. मास्तर वाडीचे अर्ज लिहितो, तंटे मिटवितो, तालीम बांधून घेतो. तालमीच्या प्रसंगाने खुद्द औंधचे राजे वाडीत येतात. कारभारी जातो. मग पाऊस पडत नाही, मेंढरे मरू लागतात, वाडी रिकामी होते.

येथे ‘सावकारी पाश’ची आठवण येणे अपरिहार्य आहे. तेथे अक्षराने घर बुडविले, येथे अक्षर घरी राहावयास आले. परंतु मुलास शाळेत बसविणे म्हणजे एका घराचा राखण्या काढून घेणे, हे कारभारी जाणतो व मास्तर उशिरा शिकतो. ज्याच्या जवळ एकच बैल आहे त्या शेकूच्या औताला दुसऱ्या बाजूने त्याची बायको स्वतःस जुंपून घेते. अशा घरातील मूल पाटीवर मुळाक्षरे गिरवीत बसते तेव्हा कोणाच्या तरी खांद्यावर त्याचे ओझे गेलेले असते. माडगूळकर हे सांगत नाहीत, प्रसंग सांगून पुढे जातात. खरे पाहता या कादंबरीतील मूल म्हणजे मास्तरच होय. मिसरूडही न फुटलेल्या या पोरास सारी वाडी ‘मास्तर’ म्हणून आदर देते आणि आतून पोर म्हणून सांभाळते. ‘कारभारी’ हे तर पदाचे नाव. त्या म्हाताऱ्याला स्वतःचे निराळे नाव असण्याची गरज वाडीस भासत नाही. नाव, पद आणि नाते या तिन्ही गोष्टी तेथे एकाच हाकेत मावतात.

कादंबरीत दोन भाषा शेजारी शेजारी आहेत. निवेदन मास्तराच्या स्वच्छ प्रमाण मराठीत, संवाद वाडीच्या बोलीत. शिकलेला निवेदक आणि न शिकलेली वाडी यांतील अंतर वाचकास पानोपानी दिसते. अमोल पालेकर यांनी १९९५ साली ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली तेव्हा पटकथा स्वतः माडगूळकरांनी लिहिली. कारभाऱ्याची भूमिका चंद्रकांत मांढरे या ज्येष्ठ नटाने केली आणि चित्रपटास त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रूपांतरात सर्वांत मोठा बदल भाषेच्या प्रमाणाचा झाला. कादंबरीत जे वर्णन होते, माळ, पहाट, मेंढरांचा कळप, ते कॅमेऱ्याने उचलले आणि त्याबरोबर मास्तराच्या प्रमाण भाषेचा मोठा हिस्सा नाहीसा झाला. उरले ते बोलणे, आणि बोलणे बहुतांशी वाडीचे. पुस्तकात जी बोली प्रमाण भाषेच्या चौकटीत होती ती पडद्यावर स्वतःच चौकट झाली. लेखक तोच, कथा तीच. परंतु घर कोणाचे, याचा निवाडा चाळीस वर्षांनी माध्यमाने बदलला. बोलीस हशाचे साधन करणाऱ्या लाटेनंतर हे घडण्यास इतका काळ लागला, ही खेदाची गोष्ट आहे. ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांचीच होती, हे ध्यानी घेतल्यास त्या लेखकाने दोन्ही टोके अनुभवली होती असे दिसून येईल.

मेंढपाळांच्या दोन देशांतील तुलना आता करता येते. शाकेन आयमानोव्ह यांच्या ‘पितृभूमी’त एक वृद्ध कझाक युद्धात पडलेल्या मुलाच्या अस्थी पूर्वजांच्या मातीत आणण्यासाठी नातवास घेऊन आगगाडीने लेनिनग्राडच्या बाजूस जातो, तेथे इतर सैनिकांसह सामायिक थडग्यात पुरलेल्या मुलास तो तेथेच ठेवून परततो. परंपरा मोडली असे चित्रपट म्हणत नाही; म्हाताऱ्याने तिचा अर्थ रुंदावला असे म्हणतो, आणि नातू ते पाहतो. ‘बनगरवाडी’त कारभाऱ्याच्या मृत्यूनंतर असे पाहणारे कोणी उरत नाही, कारण मुले मेंढरांबरोबर परमुलखात गेलेली असतात. सेर्गेई द्वोर्त्सेवोय यांच्या २००८ सालच्या ‘तुल्पान’मध्ये बेतपाक-दलाच्या मैदानात कोकरे मरतात, तरुणास बायको मिळत नाही, बहिणीचा संसार तंबू उखडून पुढे सरकतो. गावाला भिंती नसल्या की गाव चालू लागते, ही गोष्ट माणदेशातील धनगरास कोणी समजावून सांगावयास नको. ‘बनगरवाडी’चे इंग्रजी भाषांतर १९५८ साली झाले तेव्हा तिला जे नाव देण्यात आले त्याचा अर्थही गावाला भिंती नव्हत्या, असाच आहे.

या प्रदेशाचे चित्रपटाशी असलेले नाते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एका दिशेने वळले आहे. वाई व मेणवली येथील घाट, वाडे आणि चावड्या हिंदी चित्रपटांना सोयीच्या वाटू लागल्या. ‘गंगाजल’ (२००३) मधील बिहारचे गाव, ‘स्वदेस’ (२००४) मधील उत्तर प्रदेशातील चरणपूर आणि ‘दबंग’ (२०१०) मधील लालगंज यांचे चित्रीकरण याच परिसरात झाले. कृष्णेच्या घाटावर उत्तरेकडील हिंदी बोलली जाऊ लागली. आपट्यांच्या काळी साताऱ्याने कथा दिली आणि घर पुण्याच्या स्टुडिओत बांधले गेले. आता घर साताऱ्याचे आणि कथा दुसरीकडची. मेणवलीच्या ज्या शाळकरी मुलांनी ‘स्वदेस’चे चित्रीकरण पाहिले असेल त्यांनी आपला घाट ओळखला असेल आणि तेथे बोलली गेलेली भाषा ओळखली नसेल.

आटपाडीकडे आता टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी पोहोचले आहे. जेथे मेंढरे चरत तेथे ऊस व डाळिंब दिसतात. ‘बनगरवाडी’तील दुष्काळ पुस्तकात व पडद्यावर राहिला, आणि मास्तराच्या वर्गातील मुलांची नातवंडे आज प्रमाण मराठीत शिकतात, इंग्रजीतही शिकतात. स्वतंत्रपूरची वसाहत अद्याप आहे. तेथील कैदी बायकामुलांसह राहतात, आणि ती मुले सकाळी दप्तर घेऊन शाळेत जातात.